लंडनच्या उपनगरात घोड्यांच्या रेल्वेचा माग कसा काढावा

मध्य रेल्वेच्या पी-वे खात्यात, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यात, माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे मुलीकडे, दक्षिण लंडनमधल्या मिचमला आलो की घरची मंडळी राजवाडा बघायला जातात आणि मी ‘सरे आयर्न रेल्वे’च्या मागावर निघतो. ज्यांना हे वेड लावून घ्यायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

आधी थोडी ओळख. थेम्सकाठच्या वँड्सवर्थपासून क्रॉयडनपर्यंत साधारण १४ किलोमीटरचा हा मार्ग. १८०१ साली संसदेने परवानगी दिली, विल्यम जेसप इंजिनिअर होते, आणि २६ जुलै १८०३ला वाहतूक सुरू झाली. बोरीबंदरहून आपली गाडी सुटायला अजून ५० वर्षं होती! इंजिन नव्हतंच. ज्याचा त्याचा घोडा, ज्याची त्याची वाघीण, म्हणजे मालाचा डबा. कंपनी फक्त टोल घ्यायची. खरं तर लोकांना कालवा हवा होता, पण वँडल नदीच्या पाण्यावर गिरण्यांची रांगच्या रांग चालायची. कालव्याने पाणी पळवलं असतं, म्हणून लोखंडी वाट. १८४६ला ती बंद पडली.

आता मुद्द्याचं. रूळ शोधत बसू नका, सापडणार नाहीत. शोधायचे ते दगड. इथले रूळ आपल्यासारखे नव्हतेच. सुमारे तीन फुटी बिडाच्या पट्ट्या, छेद इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा. चाक साधं, सपाट. चाकाला धरून ठेवणारी उभी कड रुळालाच. आणि आडवे स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवे टाकतात ते ओंडके, नाहीत. का, ते कुठल्याही गँगमनला विचारा: मधून घोडा चालणार, स्लीपर आडवा टाकला तर तो अडखळणार. म्हणून दोन्ही बाजूंना सुटे दगडी ठोकळे. ठोकळ्याच्या मधोमध भोक, त्यात ओकच्या लाकडाची खुंटी, आणि दोन पट्ट्यांची टोकं जिथे भिडतात तिथे वरून खिळा. मार्ग बंद झाल्यावर हे ठोकळे कुठे कुठे गेले. भिंतीत, बागेत, उंबऱ्याला. एखादा चौकोनी दगड दिसला तर आधी मधलं भोक बघा, मग त्याभोवतीचा गंजाचा तपकिरी डाग, आणि मग पट्टी बसायची तो किंचित खोलगट भाग. तिन्ही जुळलं तर दगड बहुतेक आपलाच. नुसत्या भोकावर विश्वास ठेवू नका, जुन्या फाटकांच्या दगडांनाही भोक असतं.

नजर तयार व्हावी म्हणून वँड्सवर्थच्या जुन्या राम ब्रुअरीच्या भिंतीतले ठोकळे आधी बघून घ्या. शेजारी पाटीही आहे. मात्र चालायला तिथून सुरुवात करू नका. त्या भागात मागमूस राहिलेला नाही, सगळी दुकानं आणि फ्लॅट. गॅरट लेनचा तुकडा २७० नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावरून पाहिला तरी पुरे. रस्ता किती सपाट आहे आणि वँडलला किती धरून चालतो, एवढं फक्त ध्यानात घ्या. घोड्याला चढ परवडत नाही, त्यामुळे जेसपने नदीची सोबत सोडली नाही. कुठे शंका आली की स्वतःला विचारा, भरलेली वाघीण घेऊन घोडा इथून जाईल का? दम लागण्याइतका चढ असेल तर वाट चुकलात.

खरी चाल मिचमपासून. तिथे ‘ट्रॅमवे पाथ’ नावाची गल्ली आहे. हे नाव आजच्या ट्रॅममुळे नाही, घोड्यांच्या वाटेमुळे पडलं. तिथून बेडिंग्टन लेनच्या दिशेने आजची ट्रॅम धावते. १८५५च्या विंबल्डन–क्रॉयडन रेल्वेने जुन्या वाटेचा काही भाग उचलला, ती १९९७ला बंद झाली आणि २०००मध्ये तिच्यावर ट्रॅम आली. ट्रॅममध्ये पुढच्या बाजूला उभे राहा आणि मार्ग कुठे सरळ जातो, कुठे वळतो, ते नकाशावर टिपत जा. आम्ही पुश ट्रॉलीवरून, म्हणजे रूळ तपासायच्या ढकलगाडीवरून, हेच करायचो.

नकाशा कोणता? स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने नकाशे आजच्या नकाशावर ठेवून हवे तितके पारदर्शक करता येतात, फुकट. पण ते सर्व्हे रेल्वे बंद झाल्यानंतरचे. त्यामुळे १८३६च्या कायद्यानंतर काढलेले गावोगावचे ‘टाइद’ (चर्चला द्यायच्या शेतकराचे) नकाशेही बघावेत. तेव्हा वाट चालू होती. त्यावर जे घराचं कुंपण किंवा शेताचा बांध बाकीच्यांना तिरपा छेदून जातो, तो आजच्या गल्लीत जुळतो का पाहायचं.

पाय थकले नसतील तर पर्लीला जा. क्रॉयडनच्या पुढे मर्स्टमपर्यंत १८०५ला दुसऱ्या कंपनीने हाच मार्ग वाढवला होता. उद्घाटनाला एका घोड्याने दगडांनी भरलेल्या १२ वाघिणी सहा मैल ओढल्या, एक तास ४१ मिनिटांत. पर्लीच्या रोटरी फील्डमध्ये त्या मार्गाचा एक तुकडा मांडून ठेवला आहे. खिशात टेप ठेवा. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, साधारण चार फूट दोन इंच यायला हवं. मोजताना पट्टीच्या कोणत्या कडेपासून मोजताय ते लिहून ठेवा, नाहीतर घरी येऊन आकडा कशाशीच जुळत नाही.