रंग गेला, पण कोळशानेच घेतला का? सांडपाण्याच्या प्रयोगात या चुका टाळा

पुण्यात प्रोजेक्टचे दिवस आले की मुलं निळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन माझ्याकडे येतात. कुणी रसवंतीवरची चिपाडं जाळलेली असतात, कुणी गणपतीतल्या नारळांच्या करवंट्या. त्या कोळशाने पाण्यातला रंग काढायचा, हा त्यांचा प्रयोग. वहीत लिहिलेलं असतं, ‘98 टक्के रंग निघाला.’ मी आधी एवढंच विचारतो, कोळसा न घालता तेच पाणी गाळून पाहिलंत का?

दोन वर्षांपूर्वी एका जोडीने पाहिलं नव्हतं. मिथिलीन ब्लू हा निळा रंग, करवंटीचा कोळसा, फिल्टर पेपर, आणि खाली जवळजवळ नितळ पाणी. मी नुसतं द्रावण पेपरवर ओतायला लावलं. पाणी फिकं उतरलं, पेपर गर्द निळा झाला. हा रंग धनभारित असतो, पेपरमधलं सेल्युलोज त्याला धरून ठेवतं. तीन आठवड्यांची रीडिंग्ज गेली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं, कारण पुन्हा केल्यावर कळलं की कोळसा खरोखर चांगला होता.

मी पेपर वापरतच नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात, कोळसा तळाला बसवतो आणि वरचं पाणी पिपेटने अलगद काढतो. पेपरशिवाय इलाजच नसेल तर गाळलेलं पहिलं 10-15 मिली फेकून द्या, आणि बिनकोळशाचं द्रावणही तसंच गाळून मोजा.

दुसरी चूक उतावळेपणाची. ‘कोळसा दोनदा विसळला सर’ हे ऐकलं की मला राग येतो. कोळशातली राख अल्कधर्मी असते, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) चढवते. मग तुम्ही कोळसा मोजताय की पीएच? धुतलेल्या पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग 105 अंशांवर रात्रभर वाळवा. काँगो रेड या लाल रंगात तर पीएच 5 च्या खाली गेला की लाल रंग निळा होऊ लागतो. रंग मोजणारं मशीन लालाचं रीडिंग कमी दाखवतं आणि मुलं पेढे वाटतात. मोजण्याआधी सगळे नमुने एकाच पीएचवर आणा.

उघड्यावर जाळू नका, राख हाती येते. झाकणाचा डबा घ्या.

मिथिलीन ब्लू 664 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मोजा, प्रकाश-शोषणाचं (absorbance) रीडिंग 1 च्या वर गेलं तर पातळ करा.

आणि मिथिलीन ब्लूवर जमलं म्हणून ‘कापड गिरणीचं सांडपाणी शुद्ध केलं’ असं लिहू नका. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, शिवाय त्या पाण्यात भरपूर मीठ असतं. निदान एक असा रंग मीठ घालून तपासा.

वापरलेला कोळसा बेसिनमध्ये ओतू नका. धरलेला रंग पाण्यात परत सुटू शकतो. लेबल लावलेल्या डब्यात साठवा आणि लॅबच्या घातक कचऱ्यात द्या.