विम्याच्या अर्जातील उत्तरे स्वतः भरावीत
आयुर्विम्याचा करार परम सद्भावाच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी महत्त्वाची कोणतीही माहिती न लपवण्याच्या, तत्त्वावर उभा असतो. म्हणून मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया किंवा तंबाखूची सवय यांविषयीची उत्तरे एजंटावर न सोपवता अर्ज स्वतः वाचून भरावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची किंवा रायडरची (मूळ पॉलिसीला जोडलेल्या जादा संरक्षणाची) तारीख, यांपैकी जी सर्वांत उशिराची असेल, तिच्यापासून ३ वर्षे उलटल्यावर कंपनीला कोणत्याही कारणावरून पॉलिसीला आव्हान देता येत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली की ही मुदत नव्याने मोजली जाते, हे घरोघरी माहीत असायला हवे. दावा फेटाळल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी; तेथे समाधान न झाल्यास पुणेकरांना शहरातीलच विमा लोकपाल (विमाधारकांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) कार्यालयात विनाशुल्क दाद मागता येते.