परदेशात पहिल्या दोन महिन्यांचं घर शोधताना या चुका टाळा

खेड, दापोली, मंडणगड, राजापूर या पट्ट्यातून आखातात जाणं नवीन नाही. कितीतरी वाड्यांमधली घरं दुबई-कुवेत-मस्कतच्या पैशावर उभी आहेत. आता त्यात नव्या वाटा आल्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग केलेल्या मुली जर्मन भाषेचे वर्ग शोधू लागल्या. इंग्लंड-कॅनडाला शिकायला जाणारेही आहेतच. व्हिसा, मेडिकल, तिकीट यावर घरात महिनोन्महिने बोलणं होतं. राहायचं कुठे, या प्रश्नाला मात्र एकच उत्तर असतं: "तिकडे आपला माणूस आहे."

आपला माणूस असणं ही मोठी गोष्ट आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण पहिलं घर स्वस्त असण्याइतकंच सहज सोडता येणारं असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. शहर पाहिलेलं नसताना आणि हातात पहिला पगार नसताना जो माणूस एका जागेला बांधला जातो, त्याचे पैसे भाड्यापेक्षा ती जागा सोडताना जास्त जातात.

गावात बसूनच वर्षभराचं घर ठरवणं

दुबईत घराचं भाडं वर्षाच्या हिशेबाने ठरतं आणि बहुतेक वेळा पुढच्या तारखांचे चेक द्यावे लागतात. नव्याने पोचलेल्याकडे एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र नसतं, बँक खातं नसतं, मग चेकबुक कुठून येणार? तेव्हा कोणीतरी म्हणतं, "मी माझ्या नावावर घेतो, तू मला पैसे दे." इथेच गुंता सुरू होतो. पहिले दोन ते चार आठवडे महिन्याच्या बोलीवर बेडस्पेस (सामायिक खोलीतली एका पलंगापुरती जागा) किंवा खोली घ्या, किंवा रद्द करता येईल असं साधं हॉटेल-हॉस्टेलचं बुकिंग करा. कामाची जागा, बसचा मार्ग, मेट्रो स्टेशन डोळ्यांनी पाहा आणि मगच मोठा करार करा. शारजात भाडं कमी म्हणून अनेक जण तिथे राहतात, पण दुबईची मेट्रो शारजापर्यंत जात नाही आणि सकाळी त्या रस्त्यावर प्रचंड गर्दी असते. रोजचे जाण्यायेण्याचे तास आणि बसभाडं धरूनच ती जागा स्वस्त आहे का ते ठरवा.

"राहणं कंपनीचं" हे तोंडी ऐकून निर्धास्त होणं

एजंट तसं म्हणाला, तरी करारात काय लिहिलंय ते वाचा. ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी लागते असा) शिक्का असलेल्या पासपोर्टवर आखातात नोकरीला जाणाऱ्यांचं काम भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होतं. तिथल्या नोकरीच्या करारात राहण्याची सोय कंपनी करणार की भत्ता देणार, हे पाहा. भत्ता लिहिला असेल तर खोली तुम्हालाच शोधायची आहे, आणि तो भत्ता पहिल्या पगाराबरोबर, म्हणजे महिना संपल्यावर येतो. तोपर्यंतचं भाडं, डिपॉझिट, गादी-चादर, सिमकार्ड आणि जेवण हे सगळं घरून नेलेल्या पैशातून भागतं. हापूसची बाग कराराने देऊन किंवा दागिने गहाण ठेवून उभे केलेले पैसे फक्त व्हिसा आणि तिकिटात संपवू नका.

ओळखीचा आहे म्हणून काहीच न विचारणं

मुंबईत परळ-लालबागला गावकऱ्यांच्या खोल्या होत्या. गिरणीत कामाला आलेला पोरगा वळकटी घेऊन थेट तिथे जायचा. किती जण राहणार, महिन्याला किती वर्गणी, पाणी कोण भरणार, हे ठरलेलं असायचं आणि भांडण झालं तर गावची जाणती माणसं मिटवायची. परदेशातली खोली वरून तशीच दिसते, पण जो तुम्हाला बोलावतोय तो स्वतःच भाडेकरू असतो. कधीकधी तर भाडेकरूचा भाडेकरू. मालकाला तुमचं नावही माहीत नसतं.

दुबईच्या 2007 च्या 26 क्रमांकाच्या कायद्यानुसार मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूला घर पोटभाड्याने देता येत नाही. भाडेकरार 'एजारी' या तिथल्या सरकारी नोंदणीत नोंदवावा लागतो, आणि 2022 पासून घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावंही नोंदवावी लागतात. जून 2025 मध्ये दुबईतल्या रिग्गा, मुरक्कबात, सतवा, बरशा, रफा या भागांत प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या बेकायदा खोल्यांवर कारवाई सुरू झाली. पार्टिशन तोडलं की तिथल्या माणसाला ऐन वेळी दुसरीकडे जागा शोधावी लागते, आणि डिपॉझिट कोणाकडे मागायचं तेही कळत नाही.

म्हणून काकांचा मुलगा असो की शेजारचा दादा, विचारायला संकोच करू नका: करार कोणाच्या नावावर आहे? माझं नाव नोंदवणार का? खोलीत एकूण किती जण? वीज, पाणी, एसी भाड्यात धरलंय की वेगळं? सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगायचं? डिपॉझिटची पावती मिळेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं उत्तरही जपून ठेवा, पुढे तोच पुरावा असतो.

आणखी एक प्रश्न आपल्या लोकांनी आवर्जून विचारावा: स्वयंपाक करू देतात का, आणि मासे चालतात का? अनेक खोल्या फक्त शाकाहारी लोकांसाठी असतात, काही ठिकाणी गॅसच नसतो. बॅगेत आईने सुकट-बोंबील भरून दिलेले आणि खोलीवर वास आला म्हणून पहिल्याच आठवड्यात वाद, असं होतं. रोज बाहेर जेवावं लागलं तर स्वस्त खोलीचा सगळा फायदा हॉटेलात जातो.

भाडं पाहिलं, जिना पाहिला नाही

हे वाचताना कृपया घाई करू नका. 12 जून 2024 ला पहाटे कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. किमान 45 भारतीयांचा जीव गेला. आग तळमजल्यावर लागली, धूर जिन्यातून वर चढला आणि माणसं झोपेतच अडकली. खोल्यांमधली पेट घेणारी पार्टिशन आणि गच्चीचं कुलूपबंद दार यांबद्दलही त्या वेळी बातम्या आल्या. कमी जागेत जास्त माणसं ठेवून वाचवलेल्या पैशाची ही किंमत आहे.

खोली दाखवणारे व्हिडिओ कॉलवर गादी आणि एसी दाखवतात. तुम्ही त्यांना सांगा, माझ्या पलंगापासून खालच्या रस्त्यापर्यंत फोन सुरू ठेवून चालत या. वाटेत किती दारं लागतात, जिन्यात सामान रचलंय का, गॅस सिलिंडर दाराजवळ आहे का, खिडकीला उघडता न येणारी जाळी आहे का, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर किती वायरी लटकतायत, हे सगळं त्या दोन मिनिटांत दिसतं. बाहेर पडायला एकच अरुंद वाट असेल तर ती जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका. कॅनडात तळघरातल्या खोल्या घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

न पाहता डिपॉझिट पाठवणं

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. सुंदर फोटो, आजूबाजूपेक्षा बरंच कमी भाडं, "मालक सध्या दुसऱ्या देशात आहे", "आज पैसे पाठवा, नाहीतर जागा जाईल" आणि किल्ली कुरियरने. गुगलवर फोटो टाकून तो आणखी कुठे वापरलाय ते शोधा, तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत सापडला तर विषय संपला. भारतातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता कमी.

कायद्याने किती मागता येतं हे माहीत असलं की खोटा माणूस लवकर ओळखू येतो. इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं, आणि ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. जागा राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात मालक शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो, पण नुकसानभरपाईच्या नावाने वेगळं डिपॉझिट घेऊ शकत नाही. जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंतच, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. तिथल्या जाहिरातीतला 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं मूळ भाडं असतं. हीटिंग, पाणी वगैरे धरलेला आकडा 'वार्ममीटे'. दोन खोल्यांची तुलना करताना दोन्हींचा वार्ममीटे घ्या.

पत्त्याचा कागद न देणारी जागा घेणं

जर्मनीला जाणाऱ्यांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. कर क्रमांक त्यानंतर पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो. "नोंदणी होणार नाही" असं जाहिरातीत लिहिलं असेल तर ती जागा कितीही स्वस्त असली तरी पुढची कामं अडतात. नोंदणी होऊनही पत्रं येत नसतील तर खालची पत्रपेटी पाहा. तिच्यावर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. पोचल्या दिवशीच नावाची चिठ्ठी चिकटवा. विद्यार्थ्यांनी प्रवेश मिळाल्याबरोबर श्टुडिरेंडेनवेर्क या विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या संस्थेच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होतं आणि सप्टेंबरमध्ये शोधायला लागलेल्यांना खोली मिळणं फार कठीण जातं.

पोचलात आणि जागा सांगितल्यासारखी नसेल तर

पहिल्या रात्री सामान उघडू नका. व्हिडिओ काढा, तारखेसकट. ठरलेले सगळे पैसे एकदम न देता आठवड्याचे देऊन पावती मागा. पासपोर्ट "जमा" ठेवायला कोणी मागितला तर देऊ नका, फोटोकॉपी पुरेशी असते. कंपनीने कबूल केलेली राहण्याची सोय नसेल तर लेखी कळवा, आणि तोडगा निघाला नाही तर भारतीय दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करा. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्रही आहे.

निघण्याआधी घरी एका वहीत पूर्ण पत्ता, इमारतीचं नाव, खोलीतल्या दोघांचे नंबर आणि कराराचा फोटो ठेवून जा. जागा बदललीत की त्याच दिवशी नवा पत्ता कळवा. फोन चार दिवस लागला नाही तर गावातली माणसं त्या वहीवरूनच तुमच्यापर्यंत पोचणार आहेत.