बोरन्हाणाचे फोटो: मुलाला न रडवता कसे काढावेत

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघरी हेच दृश्य असतं. काळं झबलं, अंगभर हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट आणि त्या मुकुटाखाली भोकाड पसरलेलं मूल. समोर आठ-दहा मोबाइल आणि "इकडे बघ, सोन्या, इकडे बघ" असा गलका. नात्यातल्या नि सोसायटीतल्या मुलांचे हे फोटो मी कितीतरी वर्षं काढतेय. "खुळखुळा वाजवा, मूल आपोआप बघेल" हा सल्ला ऐकला की आता राग येतो. मूल एकदा बघतं, दुसऱ्यांदा दचकतं.

वेळ मुलाच्या झोपेवर ठरवा, हळदीकुंकवावर नाही. बायका सातला येणार असल्या तरी बोरन्हाण साडेचारला उरका. मूल झोपून उठलेलं असतं, पोट भरलेलं असतं आणि खिडकीतून उजेडही छान येतो. फ्लॅश बंदच ठेवा.

बैठक खिडकीजवळ, सतरंजीवर पाट मांडून. चौरंग नको, मूल कलंडतं.

हलव्याला काटा असतो आणि तो मानेला टोचतो. म्हणून हार कॉलरवरून घाला, मुकुटाला आतून मलमलची पट्टी लावा. मुकुट सगळ्यात शेवटी. मुलाने तो ओढून काढला तर पुन्हा चढवू नका.

आता खरी अवघड गोष्ट, ओतणं. भाचीच्या बोरन्हाणात मीच सांगितलं होतं, "अजून वरून ओता, फोटोत छान दिसेल." दोघीतिघींनी मिळून पातेलं उपडं केलं. एक टणक बोर तिच्या पापणीवर बसलं. ती इतकी घाबरली की पुढे आठवडाभर आंघोळीला डोक्यावर तांब्या धरू देईना. तो फोटो मी कुणाला दाखवलेला नाही. त्या दिवसापासून माझ्यासमोर पातेलं डोक्यावर जात नाही, घरातलं कितीही मोठं माणूस म्हणालं तरी.

मी करते ते असं. आधी फक्त चुरमुरे सतरंजीवर पसरायचे आणि मुलाला त्यात दहा मिनिटं खेळू द्यायचं. कुणी काही बोलायचं नाही. मूल मूठ भरतं, मूठ उघडून बघतं, तळव्याला चिकटलेला एक दाणा दुसऱ्या हाताने काढू पाहतं. कॅमेरा तेव्हाच तयार हवा, कारण सगळ्यात चांगले फोटो इथेच मिळतात. मग आजीने समोर बसून डोकं पुढे करायचं आणि मुलाला तिच्यावर चुरमुरे टाकू द्यायचे. आजी हसली की मुलाला कळतं, हा खेळ आहे. त्यानंतरच आईने समोरून, मुलाला दिसेल अशी वाटी धरून, आधी पायांवर, मग खांद्यावर आणि शेवटी डोक्यावर वीतभर उंचीवरून चुरमुरे सोडायचे. मागून कधीच ओतू नका. जे येताना दिसत नाही, त्याचीच मुलाला धडकी भरते. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे डोक्यावरून नाहीतच, ते मांडीपाशी ठेवायचे. विधी होतो, शकुन होतो, काही कमी पडत नाही.

आणि हे कळकळीने सांगते, गोळ्या, शेंगदाणे आणि बोरं चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. फोटोच्या नादात सगळ्यांचे डोळे स्क्रीनवर असतात. म्हणून एका माणसाने मोबाइल हातात न घेता फक्त मुलाच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं. दागिन्याचा दोरा तुटला तर दाणे लगेच उचलायचे.

फोटो काढणारा एकच, आणि तो जमिनीवर पालथा. उभं राहून काढलेल्या फोटोत मुकुटच दिसतो, चेहरा नाही. कॅमेरा असेल तर शटरचा वेग 1/500 सेकंद किंवा त्याहून वेगवान, म्हणजे पडणारे चुरमुरे हवेत स्पष्ट दिसतात. मोबाइलवर बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ एक झटपट फोटो काढायची सोय, वापरा. काळ्या कपड्यामुळे कॅमेऱ्याला अंधार वाटतो, तो फोटो उजळ करतो आणि हलव्याचा काटा पार पुसला जातो. मोबाइलच्या स्क्रीनवर हारावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. दाणा न् दाणा दिसेल.

मूल रडलं तर लगेच थांबा, आईकडे द्या, मुकुट उतरवा. "एकच, शेवटचा" म्हणू नका.

बोरं-चुरमुरे लुटायला टपलेल्या मोठ्या मुलांना तोवर दारापाशी थोपवून धरा. आईने बाळाला उचलून कडेवर घेतलं की मगच त्यांना सोडा. तेव्हा बाळही वरून ती झुंबड टक लावून बघतं. तो फोटो चुकवू नका.