कोकणातून कोल्हापुरात आलात? अंगणातल्या काळ्या मातीत खड्डा भरू नका

कोकणातून येणारी मंडळी पहिल्याच वर्षी एक चूक हमखास करतात. काळ्या मातीत 2 फुटांचा खड्डा खणायचा, पन्हाळ्याकडची तांबडी माती आणून भरायची आणि वर जास्वंद लावायची. असा खड्डा म्हणजे हौदच. तांबडी माती पाणी झटकन पिते, भोवतालची काळी माती ते पुढे जाऊ देत नाही. जुलैच्या झडीत मुळं कुजतात आणि माती ओली असूनही झाड माना टाकतं.

त्यापेक्षा जमीनच उचला. 3 फूट रुंद, फूटभर उंच गादीवाफा इथल्याच मातीचा करा. 100 चौरस फुटांना पाव ब्रास पूर्ण कुजलेलं शेणखत लागतं. त्याचा 3 इंचांचा थर पसरा आणि वरच्या 9 इंचांत मिसळा. साखर कारखान्यांची प्रेसमडही (उसाचा रस गाळून उरलेली मळी) चालते, पण ताजी तापते, मुळं भाजतात, कुजलेलीच घ्या. वाळूच्या भानगडीत पडू नका. थोडी वाळू पडली की चिकण माती विटेसारखी आवळते.

खणायचं ते वाफशावरच. मूठभर माती वळा. अंगठ्यानं दाबल्यावर लाडू फुटला तर कुदळ घाला, नुसता चेपला तर थांबा. ओल्यात खणलं की फावड्याची कड तकतकीत होते, त्या लिंपलेल्या भिंतीत मूळ शिरत नाही.

मातीत पांढरे खडे दिसले तर त्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी. नव्या घराभोवती सिमेंटचा राडारोडा असेल तर तो आधी उपसून टाका, त्यानंही तेच होतं. चुन्यात लोह अडकतं: कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. युरिया टाकून हे जात नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. जमिनीत टाकलेली हिराकस चुना गिळतो.

कण्हेर, बोगनवेल, तगर असल्या वाफ्यावर जोमानं वाढतात. बुंध्यापासून 4 इंच सोडून उसाच्या पाचटाचं 3 इंच आच्छादन करा, म्हणजे उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटणार नाहीत. पाचट कुजून बसतं, दरवर्षी नवं घाला.

गावाकडचा अनंत आणि एक्झोरा मात्र चुनखडीत लावू नका. त्यांना मोठी कुंडी द्या. तांबडी माती खरी तिथंच कामाला येते.