हायड्रोकार्बन, कच्चं तेल, पॉलिमर: या चुका टाळा, आणि आधी विचारा की बंध नक्की कुठला तुटला

परवा सराव परीक्षेचे छत्तीस पेपर तपासत बसले होते. प्रश्न साधाच होता, पेन्टेन (पाच कार्बनची साखळी) ३६ अंशाला उकळतो आणि ऑक्टेन (आठ कार्बनची) १२६ ला, असं का? छत्तीसपैकी सव्वीस जणांनी जवळपास एकच वाक्य लिहिलं होतं, "साखळी लांब असल्यामुळे बंध मजबूत असतात व ते तोडायला जास्त उष्णता लागते." सव्वीस! आणि ही सगळी अभ्यास करणारी मुलं आहेत, म्हणून जास्त लागलं. हे वाक्य मी कितीतरी वर्षं बघतेय, दरवर्षी नवीन बॅच येते आणि तेच वाक्य घेऊन येते, म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय.

तर पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही, उकळणं म्हणजे बंध तुटणं.

वर्गात विचारलं, पाणी उकळलं की भांड्यातून काय बाहेर येतं? वाफ. वाफ म्हणजे काय? पाणीच. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होऊन येतात का? सगळे हसले, नाही मॅडम. मग पेन्टेन उकळताना त्याचे कार्बन कसे काय सुटे होतील? यावर वर्ग गप्प. एक मुलगा, चांगला हुशार, म्हणाला, "पण मॅडम, नोट्समध्ये असंच दिलंय." मोबाईलवर एक पीडीएफ काढून दाखवली, कुठून कुठून फिरत आलेली, त्यात खरंच ते वाक्य ठळक अक्षरात होतं. मग माझ्या लक्षात आलं की नुसतं चूक आहे म्हणून भागणार नाही, छापलेल्या वाक्याशी भांडायचं तर काहीतरी डोळ्यांना दाखवावं लागेल.

पंखा बंद करायला लावला, खिडकी लावली, आणि एक साधी पांढरी मेणबत्ती पेटवली. एक-दोन मिनिटं जळू दिली आणि फुंकर मारून विझवली. विझली की वातीतून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ सरळ वर जाते, सगळ्यांनी बघितलेली असते पण नीट कोणी बघत नाही. ती रेघ म्हणजे मेणाची वाफ, वर जाता जाता गार होऊन तिचे बारीक कण झालेले. मी पेटती काडी वातीला न लावता वातीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर त्या रेघेला लावली, तर ज्योत रेघेवरून खाली सरकत वातीवर येऊन बसली. मुलांनी पाच-सहा वेळा करायला लावलं. (पंखा चालू ठेवून घरी करू नका, रेघ हलते आणि मग म्हणता होत नाही. आणि घरातलं मोठं माणूस शेजारी असू द्या.)

आता विचार करा, मेण घट्ट होतं, पातळ झालं, त्याची वाफ झाली, वाफेचे परत कण झाले, इतकं सगळं होऊन ते मेणच राहिलं. साधारण वीस ते चाळीस कार्बनची साखळी, ती कुठेही तुटायची गरज पडली नाही. बंध तुटले ते ज्योतीत, जिथे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झालं. उकळताना सुटते ती एका रेणूची शेजारच्या रेणूवरची ओढ. शेवयांची खीर आठवा, शेवया बारीक मोडून टाकल्या तर डावात सुट्ट्या येतात, लांबच ठेवल्या तर एक उचलायला जाता आणि आख्खा गुंता वर येतो. शेवई काही मजबूत झालेली नसते, शेजारणीला चिकटायला तिला जागा जास्त मिळते एवढंच.

तरी ज्याला पटत नाही त्याला मी पेन्टेनचे तीन समघटक (अणू तेवढेच, जोडणी वेगळी) मांडायला लावते. सरळ साखळीचा उकळतो ३६ अंशाला, एक फांदी असलेला २८ ला, आणि निओपेन्टेन, जो जवळपास गोळा झालेला असतो, तो साडेनऊलाच. तिघांमध्ये बंध मोजा. चार कार्बन-कार्बन आणि बारा कार्बन-हायड्रोजन, तिन्हीत सारखेच. मग बंधांच्या मजबुतीने फरक पडत असता तर हे तिघं वेगवेगळ्या तापमानाला उकळले का असते? गोळ्याला शेजाऱ्याला टेकायला जागा कमी, म्हणून तो लवकर सुटतो. हे एकदा हाताने मोजलं की ती पीडीएफ परत उघडावी लागत नाही.

म्हणून माझी एक सवय आहे आणि मी ती सगळ्यांना लावते. कुठलीही क्रिया लिहायची तर बाणाच्या डोक्यावर पेन्सिलने आधी लिहायचं, कुठला बंध तुटला. उकळणं, डिस्टिलेशन: कुठलाच नाही. क्रॅकिंग (मोठा रेणू तोडून लहान करणं): कार्बन-कार्बन. पॉलिमर (लहान रेणू जोडून केलेली लांब साखळी) करताना: दुहेरी बंधातला एक. जळताना: सगळे. दहा सेकंद लागतात. मुलं सुरुवातीला कंटाळा करतात, पेपर लांब होतो म्हणतात, पण जी करतात त्यांच्या चुका महिन्याभरात कमी होतात हे मी दरवर्षी बघते.

कच्च्या तेलाकडे येऊ. भागशः ऊर्ध्वपातनाची, म्हणजे तेलातले घटक वेगळे करणाऱ्या डिस्टिलेशनची, आकृती काढताना दहातले सहा जण मनोऱ्याच्या खाली चूल काढतात, जणू मोठा हंडा ठेवलाय आणि आधी पेट्रोल उकळतं, मग रॉकेल, मग डिझेल. असं नसतं हो. तेल आधी शेजारच्या भट्टीत साडेतीनशे अंशांच्या वर तापवतात, तिथेच बहुतेकाची वाफ होते, आणि ते सगळं एकदम मनोऱ्यात खालच्या बाजूने सोडतात. मनोरा खाली गरम, वर गार. वाफ वर चढते आणि ज्याला जिथे झेपत नाही तिथे तो पातळ होऊन ट्रेमध्ये उतरतो. डिझेल खालीच उतरतं, रॉकेल त्याच्या वर, पेट्रोलचा भाग आणखी वर, गॅस अगदी टोकातून बाहेर, आणि ज्याची वाफच झाली नाही ते डांबराचं गाळसाळ तळाला. म्हणजे घटक वेगळे करायचं काम करतं ते गार होणं, उकळणं नाही. चेंबूर-माहुलकडून गेलात तर तिथल्या रिफायनऱ्यांचे उंच मनोरे दिसतात, एवढे उंच का लागतात हे आता कळेल, एकेका ट्रेला थोडा थोडा गारवा द्यायचाय.

आणि कृपा करून कच्च्या तेलाचं रेणुसूत्र लिहू नका. पेट्रोलचंही नाही. ते मिश्रण आहे, त्याला एक सूत्र नाही, एक उत्कलनांकही नाही. मुंबई हायचं तेल हलकं आणि गंधक कमी असलेलं, आखातातलं बरंचसं तेल गंधकवालं, दोन्ही कच्चं तेलच. डायनोसॉर पण काढून टाका डोक्यातून, ते समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून झालं.

क्रॅकिंगमध्ये एकच चूक सांगते कारण बाकीच्या त्यातूनच येतात. दहा कार्बनचा डेकेन मधोमध तोडला आणि दोन पेन्टेन झाले असं लिहितात. हायड्रोजन मोजा. डेकेनकडे बावीस आहेत, दोन पेन्टेनना चोवीस लागतात, वरचे दोन आणले कुठून? म्हणून एका तुकड्याला हायड्रोजन कमी पडतात आणि तो दुहेरी बंध करून बसतो. डेकेन तोडून ऑक्टेन आणि इथीन, अठरा आणि चार, बावीस, बरोबर. हे इथीनच पुढे प्लॅस्टिकला लागतं, आपल्याकडे नागोठण्याला याच कामाचा क्रॅकर आहे.

आता माझ्या यादीतली दुसरी मोठी चूक, पॉलिथीनमध्ये दुहेरी बंध ठेवणं. नावातच दुहेरी बंधाचं इथीन आहे म्हणून मुलं साखळीभर दुहेरी बंध काढत जातात, चारच हात (म्हणजे बंध) असलेल्या एकेका कार्बनला पाच पाच हात होतात आणि कोणाला काही वाटत नाही. एका वर्षी मी मुद्दाम विचारलं, दुधाच्या पॉलिथीनच्या पिशवीचा तुकडा ब्रोमीन वॉटरमध्ये (दुहेरी बंध भेटला की ज्याचा रंग जातो) टाकला तर रंग जाईल का? सगळ्या वर्गाने हात वर केला, जाईल. एकही हात खाली नव्हता, त्या दिवशी घरी जाताना फार वाईट वाटलं, कारण शिकवून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाकं सरकवली आणि मुलींना फुगडी घालायला सांगितली. चार जोड्या. दोघींनी एकमेकींचे दोन्ही हात धरलेत, हा दुहेरी बंध, एकेक मुलगी म्हणजे एकेक कार्बन (तिचे उरलेले दोन हात हायड्रोजनने धरलेत असं समजा). आता प्रत्येकीने एक हात सोडायचा, एक धरून ठेवायचा, आणि सुटलेल्या हाताने शेजारच्या जोडीतलीचा हात धरायचा. आठ जणींची रांग झाली, आणि रांगेत बघा, कुठेही दोन्ही हात धरलेले नाहीत. म्हणजे पॉलिथीन संपृक्त, दुहेरी बंध नसलेलं, ब्रोमीनचा रंग तसाच राहणार. रांगेच्या दोन्ही टोकांना एकेक हात मोकळा राहतो, तेच तुम्ही पॉलिथीनच्या सूत्रात कंसाबाहेर काढलेल्या रेघा. यानंतर त्या बॅचमध्ये ही चूक मला परत दिसली नाही. यंदा मुलंही फुगडी घालायला तयार झाली, छान झालं.

पॉलिप्रोपिलीनला हेच वापरा. प्रोपीनमध्ये तीन कार्बन आहेत म्हणून तिघांना ओळीत उभं करू नका, फुगडी दोघांचीच आहे, तिसरा एकीच्या खांद्यावर बसलेला सीएच-थ्री, तो साखळीत येत नाही, बाजूला लोंबतो. मी आधी दुहेरी बंध मधोमध काढते, चार हात वर-खाली, आणि मगच एका हाताला सीएच-थ्री टांगते. प्रोपीन असं आडवं लिहायची घाई केली की घोळ झालाच.

आणि इथे मेणबत्ती परत आठवा. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली इथीनवर प्रयोग चालला होता, भांडं उघडलं तर आत मेणासारखा पांढरा पदार्थ, तेच इथीनपासून झालेलं पहिलं पॉलिथीन. मेणासारखं असणारच, साखळी तीच, फक्त वीस-चाळीसच्या जागी हजारो कार्बन. एवढ्या लांब साखळीची ओढ इतकी की पॉलिथीन कधी उकळत नाही, तापवत राहिलात तर वाफ व्हायच्या आधी साखळीच तुटते. सव्वीस जणांच्या वाक्यातलं बंध तुटणं खरं ठरतं ते इथे, बंध मजबूत मात्र इथेही झालेले नसतात.

आता बाकीच्या भराभर. नाव देताना सगळ्यात लांब साखळी सरळच असते असं नाही, वाकड्या वाटेनेही बोट फिरवून बघा, २-इथिलब्यूटेन नावाचं काही नसतं, ते ३-मिथिलपेन्टेन आहे. ब्रोमीन वॉटर "पारदर्शक झालं" लिहू नका, ते आधीही पारदर्शक होतं, "रंगहीन झालं" लिहा. पेट्रोलचा ऑक्टेन नंबर म्हणजे आठ कार्बन नव्हे, ज्याला १०० धरलंय तो फांद्यांचा २,२,४-ट्रायमिथिलपेन्टेन, सरळ ऑक्टेन इंजिनात अगदी वाईट जळतो. सिलेंडरमधला गॅस मिथेन नाही, प्रोपेन-ब्यूटेन आहे, पाइपने येतो तो मिथेन. ज्वलनाचं समीकरण जुळवताना कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी, उलटं केलंत तर पानभर खोडाखोड. रील बघून पाठ केलेल्या ट्रिक नावांसाठी ठीक आहेत, मिथ-इथ-प्रोप-ब्यूट कसंही पाठ करा, पण कारण विचारलं असेल तिथे ट्रिक लिहू नका.

शेवटची, "प्लॅस्टिक हलकं असतं म्हणून तरंगतं." कुठलं प्लॅस्टिक? पाण्याची बाटली पेट (पीईटी) नावाच्या प्लॅस्टिकची, तिच्या साखळ्या जोडताना पाणी बाहेर पडतं, पॉलिथीनसारखं नुसतं हात धरून ती होत नाही. झाकण वेगळ्याच पॉलिमरचं. ओळखायला जाळून वास घेऊ नका, पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराइड नाकात जाईल. बादलीभर पाणी पुरतं. बाटलीची छोटी पट्टी कापा, झाकणाखालची रिंग काढा आणि दोन्ही टाका. गेल्या वर्षी एक मुलगी सांगत आली, मॅडम, पेटची पट्टी तरंगली, तुमचं चुकलं. मी तिची पट्टी बघितली, पातळ होती, नुसती पाण्यावर अलगद ठेवलेली, खाली दोन बुडबुडे चिकटलेले. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, पट्टी बोटाने पूर्ण पाण्याखाली दाबा, बुडबुडे चोळून काढा आणि मग सोडा. पट्टी तळाला जाते. रिंग कितीही वेळा दाबलीत तरी वर येते.