स्कॅबलँड्स पाहायला जाताना या चुका टाळा

सिअ‍ॅटलहून तीन तास गाडी हाकून वॉशिंग्टन राज्यातील स्कॅबलँड्स, म्हणजे पुरांनी खरवडलेला उघडा खडकाळ प्रदेश, पाहायला जाणारे आपले बरेच लोक ड्राय फॉल्सच्या कठड्याशी दहा मिनिटे थांबतात, फोटो काढतात आणि ‘आटलेला धबधबा आहे’ म्हणून परततात. या घाईचे मला मनापासून वाईट वाटते. साडेपाच किलोमीटर रुंद आणि सुमारे 120 मीटर उंच असा हा कडा एखाद्या नदीने सावकाश कोरलेला नाही. हिमयुगाच्या अखेरीस क्लार्क फोर्क नदी बर्फाच्या बांधाने अडून मिसूला सरोवर तुंबत असे, आणि तो बांध पुनःपुन्हा फुटून सारे पाणी या प्रदेशावरून लोटत असे. पूर भरात असताना कडा स्वतःच पाण्याखाली असे. पाणी काळ्या पाषाणाचे स्तंभ उपटून नेई आणि कडा मागे सरकत जाई. म्हणून मी पाहुण्यांना खाली डोकावू देण्याआधी उत्तरेकडे, पूर आला त्या दिशेला, तोंड करून उभे करतो.

पाषाण सह्याद्रीसारखाच लाव्हाचा असल्याने दऱ्याही तशाच लाखो वर्षांत झाल्या असतील, असे समजू नका. भूवैज्ञानिक जे हार्लन ब्रेट्झ यांनी 1923 पासून महापुराची बाजू मांडली, तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांनी ती नाकारली होती. भूविज्ञानातले मानाचे पेनरोज पदक त्यांना मिळाले ते 1979 साली.

दुसरी चूक भर दुपारी जाण्याची. एका जुलैत मित्राच्या कुटुंबाला घेऊन मी दुपारी एक वाजता कोलंबिया नदीकाठी, वेस्ट बार या पुराने साचवलेल्या गोट्यांच्या पट्ट्यासमोर पोहोचलो. पलीकडे फक्त करडे, सपाट माळरान दिसत होते आणि मुले कंटाळून गाडीत जाऊन बसली. मित्र निघू या म्हणत होता, पण मी हट्टाने सगळ्यांना सावलीत बसवले आणि थालीपिठे खात आम्ही ऊन उतरण्याची वाट पाहिली. सूर्य कलल्यावर खळग्यांत सावल्या भरल्या, एकेक वरंबा उठून दिसू लागला, आणि मित्राची आई म्हणाली, “अरे, ही तर ओहोटीनंतरची वाळू!” अगदी तेच आहे ते, फक्त प्रत्येक लाट दुमजली घराएवढी आणि गोट्यांची. तेव्हापासून तिथे मी सकाळी लवकर किंवा सायंकाळीच जातो.

राज्य उद्यानांसाठी लागणारा वाहन पास आधीच काढावा. पाणी भरपूर न्यावे. दगडाच्या कपारीत रॅटलस्नेक असतात, तेव्हा न पाहता हात घालू नये. पालूस फॉल्सच्या कड्यावर सेल्फीसाठी टोकाशी जाणाऱ्याला मी पुन्हा सोबत नेत नाही.